एमआरआय नॉर्मल आला, पण हात चालत नाही. एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज) मेंदूच्या स्कॅनवर दिसतो का?

कृष्णाकाठ | ९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप सटकणाऱ्यांपैकी. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मामा, वय ५९, कऱ्हाडला असतात. एसटीत मेकॅनिक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या डाव्या हाताची पकड गेली. आधी कुलपात किल्ली फिरेना, मग शर्टाचं वरचं बटण लागेना. मामा डावखुरे, त्यामुळे लगेच लक्षात आलं. आता अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसलाय, खळगा पडलाय. दंडाचं मांस सारखं लवतं. दुखत मात्र काहीच नाही, मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. पुरुषाचा डावा बाहू लवणं चांगलं नाही असं मामीचं मत, त्यामुळे पहिले दोन महिने मारुतीला तेल वाहण्यात गेले.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढला. सी५-सी६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये, चकती सरकलीय, नस दबलीय, ऑपरेशन करून टाकू म्हणाले. दुसरं मत म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईएमजी-एनसीव्ही केलं (सुई टोचून स्नायूंची आणि शॉक देऊन नसांची विद्युत तपासणी), त्यात 'अँटिरियर हॉर्न सेल'चा आजार असावा असं काहीतरी लिहिलंय. मग मेंदूचा एमआरआय झाला. तो पूर्ण नॉर्मल! तरी ते म्हणतात, एमएनडीची शंका आहे (हालचालीचे हुकूम पोचवणारे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, हळूहळू मरत जातात तो आजार), तीन महिन्यांनी ईएमजी परत करू, तोवर मानेला हात लावू नका.

घरात दोन तट पडलेत. मामेभाऊ म्हणतो, मेंदूचा फोटो नॉर्मल म्हणजे मेंदूचा आजार नाही, विषय संपला. ऑपरेशनची २ जुलैची तारीखही घेऊन ठेवलीय. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते मला त्याला सांगता येत नाही. एमएनडी असेल तर मेंदूच्या स्कॅनवर दिसायला नको का? कुणीतरी पेट स्कॅन (पीईटी, मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा) सुचवलाय, तो पुण्यात करून घ्यावा का?

गावठी_गुलाब | ९ जून, रात्री १०:५८

बाप रे. मामांना लवकर आराम पडो. जाणकार येतीलच, धागा वर ठेवतो.

फिल्मवाला | ९ जून, रात्री ११:३६

ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसाला पंचवीस-तीस एमआरआय वाचतो, म्हणून हे नाव. मामांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा हे फक्त तुमच्या मूळ प्रश्नापुरतं.

एमएनडीत मेंदूचा साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो आजार शोधायला काढतच नाहीत, दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात. गाठ, छोटे झटके, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूच्या बुडाशी काही दाब. ही मंडळी दारात नाहीत एवढंच तो सांगतो. त्यामुळे 'नॉर्मल' म्हणजे 'एमएनडी नाही' असा अर्थ तुमच्या मामेभावाने काढू नये.

कधी कधी खुणा दिसतात. मेंदूच्या ज्या पट्टीतून हालचालीचे हुकूम निघतात तिथून एक जाडसर जुडगा खाली मज्जारज्जूत उतरतो. फ्लेअर नावाच्या चित्रात त्या वाटेवर दोन्ही बाजूंना सारखे पांढुरके ठिपके दिसतात. लोहाला संवेदनशील असं एक चित्र असतं, त्यात त्या पट्टीवर काजळाच्या रेघेसारखी काळी रेघ दिसते. त्याला आम्ही मोटर बँड साइन म्हणतो. पण यातली पहिली खूण धडधाकट माणसातही सापडते, आणि दुसरी नुसत्या वयानेही येते. म्हणून ईएमजी आणि तपासणी आधीच तिकडे बोट दाखवत असेल तरच मी त्यांना किंमत देतो. एकट्या त्यांच्या भरवशावर कुणावर एवढा मोठा शिक्का मारणार नाही.

आता मान. ५९ व्या वर्षी मानेचा एमआरआय काढला आणि चकत्या जागच्या जागी आहेत, असा माणूस मला क्वचित भेटतो. 'चकती सरकलीय' आणि 'चकतीमुळेच हात गेला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

खवचट_पोपट | ९ जून, रात्री ११:४४

आणि रिपोर्टाच्या शेवटी तुम्ही लोक 'क्लिनिकली कोरिलेट करावे' (म्हणजे पेशंट तपासून ताडून बघा) लिहून हात झटकता, ते विसरलात साहेब. ;)

फिल्मवाला | ९ जून, रात्री ११:४९

या आजारात तर ते वाक्य रिपोर्टाच्या शेवटी नाही, वर ठळक अक्षरात छापायला हवं.

वायरमन | १० जून, सकाळी ७:१०

आमच्या भाषेत सांगतो. सबस्टेशनपासून डीपीपर्यंत एक लाइन, डीपीपासून घरापर्यंत दुसरी. मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत येणारा न्यूरॉन ही पहिली, मज्जारज्जूतून स्नायूत जाणारा ही दुसरी. एमएनडीत दोन्ही लाइनी हळूहळू जातात. एमआरआय म्हणजे रस्त्याने गाडीतून खांब बघत जाणं. खांब उभे, तारा लटकलेल्या, सगळं नॉर्मल. घरात मात्र अंधार. करंट आहे का ते बघायला टेस्टर लागतो, तो म्हणजे ईएमजी.

माझ्या साडूंच्या वेळी हे एका डॉक्टरांनीच समजावलं होतं, मी फक्त डीपी घातला.

निरुपमा | १० जून, सकाळी ९:२५

कृष्णाकाठ, मी सहसा यावर लिहीत नाही. आज लिहिते, कारण तुम्ही २ जुलै ही तारीख दिली आहे.

माझ्या नवऱ्याचं हेच झालं. उजवा पाय घासायला लागला, कंबरेचा एमआरआय काढला, त्यात काहीतरी सापडलं आणि ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाय काही उचलला जाईना. फिजिओ वाढवा, धीर धरा, नस जागी व्हायला वेळ लागतो, असं करत सात महिने गेले. मग चमचा हातातून पडला. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना शर्ट काढून बसवलं आणि पाठीचं, दंडाचं, मांड्यांचं मांस लवताना नुसतं पाच मिनिटं पाहत राहिलं. एवढंच. त्याला कुठलंही मशीन लागलं नाही.

त्या सात महिन्यांत आजार थांबला असता असं मी म्हणत नाही. पण नोकरीचा निर्णय, घराचा जिना, मुलीच्या लग्नाची तारीख, सगळं आम्ही वेगळं ठरवलं असतं. ऑपरेशनच्या कर्जाचे हप्ते ते गेल्यानंतरही मी भरत होते.

दिवाकर७१ | १० जून, सकाळी १०:०२

स्पष्ट बोलतो. स्कॅनचा धंदा झालाय. ज्या तपासणीतून निदान होतच नाही असं इथले डॉक्टरच सांगताहेत, ती करायलाच कशाला लावायची? मान, मेंदू, आता पेट. कट कुणाकुणाला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६९ मध्ये हा आजार ओळखला तेव्हा त्याच्याकडे कुठला एमआरआय होता?

फिल्मवाला | १० जून, दुपारी १:१५

दिवाकरराव, कटाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, तो आहे. पण शार्कोचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात तो रुग्णांना वर्षानुवर्षं तपासायचा, टिपणं ठेवायचा, आणि माणूस गेल्यावर मज्जारज्जू उघडून बघायचा. तिथे बाजूचे पट्टे कडक झालेले सापडले, म्हणून एमएनडीच्या मुख्य प्रकाराच्या नावात, अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस), ते लॅटरल स्क्लेरोसिस आलं. म्हणजे त्याचा स्कॅन शवविच्छेदनाच्या टेबलावर व्हायचा. मामांच्या बाबतीत तो आधी झालेला बरा, नाही का?

आणि 'निदान होत नाही' याचा अर्थ 'उपयोग नाही' असा नव्हे. एमएनडीसारखी दिसणारी पण उपचाराने सुधारणारी दुखणी आहेत. मानेत मज्जारज्जूच दाबला गेला तर हात वाळतात आणि पाय ताठरतात, हुबेहूब एमएनडी. तिथे ऑपरेशनच करावं लागतं आणि ते मानेच्या एमआरआयशिवाय कळत नाही. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी नावाचा प्रकार एनसीव्हीत पकडता येतो आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचं औषध) दिलं की हात परत चालायला लागतो. ही दारं बंद करत जाणं हेच इथलं निदान. मला कुणी या आजाराचा शिक्का मारला आणि मानेचा एमआरआयच केलेला नसला, तर मी फाइल उचलून बाहेर पडेन.

सायकलस्वार | १० जून, दुपारी ४:४८

वरच्या प्रतिसादाचा चालताबोलता पुरावा म्हणजे मी. १९ वर्षांचा होतो, नाशिकला इंजिनिअरिंगला. उजव्या पंजाचं मांस उतरायला लागलं, थंडीत बोटं आखडायची, हिवाळ्यात सकाळी गिअर बदलता यायचा नाही. मानेचा एमआरआय नॉर्मल. ईएमजीत मोटर न्यूरॉनचा आजार. आईने महिनाभर घरात टीव्ही लावला नाही.

मग एका वयस्कर न्यूरोलॉजिस्टांनी फिल्म बघून विचारलं, "मान सरळ ठेवून काढलाय ना? आता हनुवटी छातीला टेकवून काढा." त्यात दिसलं की मान वाकवली की मज्जारज्जूवरचं आवरण मागून पुढे सरकतं आणि रज्जू दाबतं. याला हिरायामा डिसीज म्हणतात. हिरायामा या जपानी डॉक्टरांनी १९५९ मध्ये पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. बहुतेक तरुण मुलांनाच होतो, आपल्या देशातही बराच दिसतो आणि काही वर्षांत आपोआप थांबतो. मला पट्टा दिला, मान खाली घालून मोबाइल बघणं बंद झालं. आज ३४ वर्षांचा आहे, उजवा पंजा बारीकच आहे पण सायकल चालवतो.

मामांचं वय बघता त्यांना हे नसावं. पण एखाद्या विशीतल्या मुलाचे आईबाप हा धागा वाचत असतील तर एवढंच विचारा: मान वाकवून काढला का?

फिल्मवाला | १० जून, दुपारी ५:०६

+१००. मान वाकवून काढायचा हे चिठ्ठीवर लिहून आलं नाही तर टेक्निशियन सरळच काढतो. त्याचा दोष नाही. ज्याने पाठवलं त्याच्या डोक्यात ते नाव यायला हवं.

घाबरट_ससा | १० जून, रात्री ९:३१

हा धागा वाचायला घेतल्यापासून माझा डावा डोळा लवतोय. पोटरी पण लवते. वय २८. मला पण ईएमजी करावी लागेल का? झोप उडालीय.

खवचट_पोपट | १० जून, रात्री ९:३४

ससेमहाराज, दिवसात किती चहा?

घाबरट_ससा | १० जून, रात्री ९:३५

सहा. आज आठ.

फिल्मवाला | १० जून, रात्री ९:५०

ताकद पूर्ण आहे, मांस उतरलेलं नाही, आणि नुसतं लवतंय, तर बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. चहा, जागरण, काळजी, तिन्ही तुमच्याकडे दिसतात. चवड्यांवर चालून बघा, टाचांवर चालून बघा. जमलं? मग मोबाइल ठेवा आणि झोपा. तरी मनातून जात नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा, पण गूगलला नको.

शेफील्डकर | ११ जून, पहाटे २:२०

(आमच्याकडे रात्र आहे.) मी इंग्लंडात फिजिओथेरपिस्ट आहे, एमएनडीचे रुग्ण नेहमी बघते. मागे एका अभ्यासात मी निरोगी स्वयंसेवक म्हणून स्कॅनही करून घेतला होता, तेव्हा बोगद्यातली बाजूही ठाऊक आहे. पाऊण तास न हलता पडून राहायचं, नाकाला खाज हमखास येते.

मूळ प्रश्नाबद्दल: साध्या एमआरआयवर दिसत नाही, पण प्रगत पद्धतींनी दिसावा म्हणून खूप काम चाललंय. एका पद्धतीत मेंदूतल्या पाण्याची हालचाल मोजतात. तंतू शाबूत असले की पाणी त्यांच्या दिशेने सरळ धावतं, तंतू विरळ झाले की चहूकडे पसरतं. ऑक्सफर्डमध्ये मार्टिन टर्नर यांच्या गटाने दाखवलं की उतरणाऱ्या जुडग्याबरोबर मेंदूचे दोन्ही अर्धगोल जोडणारा पूलही या आजारात सातत्याने बाधित होतो. बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या लोकांनी पेट स्कॅनवर पाहिलं की हालचालीच्या भागात साखरेचा वापर घटतो. न्यूकॅसलला तर मेंदू सोडून थेट स्नायूचा एमआरआय काढतात आणि मांस लवतं ते चित्रात पकडतात. सुई न टोचता.

मग दवाखान्यात हे का येत नाही? शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी लोकांची सरासरी काढली तर फरक स्पष्ट दिसतो. पण समोर एकटे तुमचे मामा असले की त्यांचा आकडा दोन्ही गटांच्या मधल्या दाटीत कुठेतरी पडतो. पाण्याच्या पद्धतीवरच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा अचूकता दोन-तृतीयांशाच्या आसपास निघाली. म्हणजे तिघांपैकी एकाला चुकीचं उत्तर. एवढ्यावर कुणाला असा आजार सांगणार?

वायरमन | ११ जून, सकाळी ७:०५

म्हणजे गाडीतून खांब बघणाऱ्याला आता दुर्बीण दिलीय, पण तारेतला करंट अजून दिसत नाही.

शेफील्डकर | ११ जून, दुपारी १२:४०

वायरमनदादा, थोडं पुढे जा. दुर्बिणीतून तार झिजलेली दिसते, पण झिजलेली तार किती दिवस चालेल ते कळत नाही. शिवाय प्रत्येक मशीनची दुर्बीण वेगळी. एकाच माणसाला दोन शहरांतल्या दोन मशीनमध्ये घातलं तर आकडे वेगळे येतात. कॅनडात एडमंटनच्या संजय कालरा यांच्या पुढाकाराने अनेक शहरांतली केंद्रं एकाच पद्धतीने स्कॅन काढतात, ते याचसाठी.

पुस्तकी_किडा | ११ जून, दुपारी १:३०

अडाणी शंका. ईएमजी एवढी भारी असेल तर मेंदूच्या स्कॅनच्या मागे कशाला लागायचं?

शेफील्डकर | ११ जून, दुपारी २:१२

अडाणी नाही, नेमकी आहे. ईएमजी फक्त दुसरी लाइन बघते, डीपी ते घर. पहिली लाइन गेलीय का हे डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून, तळव्यावर किल्ली ओढून ठरवतात. गेल्या शंभर वर्षांत तिथे फारशी भर पडलेली नाही. १९९४ मध्ये निदानासाठी एल एस्कोरियलचे निकष आले, त्यात 'शक्य', 'संभाव्य', 'निश्चित' अशा पायऱ्या होत्या. लोक 'शक्य'च्या पायरीवर बसूनच जायचे. २०२० मध्ये छापलेल्या गोल्ड कोस्ट निकषांनी त्या पायऱ्या काढल्या. आता शरीराच्या एका भागात दोन्ही लाइनी बिघडल्या असतील, किंवा दोन भागांत दुसरी लाइन बिघडली असेल, ते वाढत चाललं असेल आणि बाकीचे आजार वगळले असतील, तर निदान करता येतं. स्कॅनचं नाव अजूनही त्या शेवटच्या 'वगळले असतील'मध्येच आहे.

पहिली लक्षणं ते निदान यात सरासरी वर्षभर जातं. ते कमी करायचं म्हणून स्कॅनच्या मागे लागलेत.

सुगरण | ११ जून, दुपारी ३:०५

अवांतर: माझ्या सासूबाईंना एमआरआयमध्ये घातलं. आम्हाला धास्ती, बंद जागेत घाबरतील म्हणून. पाच मिनिटांत टेक्निशियन बाहेर, "आजींना सांगा घोरू नका, फोटो हलतोय." एवढ्या धडधडाटात झोप! बाहेर आल्यावर म्हणतात, गणपतीत घरासमोर ढोलपथकाचा सराव असतो, त्यापेक्षा शांत होतं.

आडवा_तिडवा | ११ जून, दुपारी ३:२०

खिक्. आमच्या वडिलांनी आत जाताना विचारलं, "जानवं काढू का?" टेक्निशियन म्हणाला, राहू द्या, चावी लावलीये ती तेवढी काढा.

संजीवनी_७७७ | ११ जून, संध्याकाळी ६:४०

[संपादक: स्टेम सेलची जाहिरात व फोन नंबर उडवले आहेत. सदस्यत्व स्थगित.]

निरुपमा | ११ जून, संध्याकाळी ७:१५

उडवण्याआधी वाचलं मी. हेच वाक्य चार वर्षांपूर्वी मला फोनवर ऐकवलं होतं, 'रिझल्ट पहिल्या इंजेक्शनलाच दिसतो'. कृष्णाकाठ, निदान पक्कं झालं की तुमच्या मामेभावाला असे फोन येतील. आयसीएमआरच्या नियमावलीत या आजारासाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही, ती फक्त संशोधनापुरती आहे, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजून घ्या.

विदर्भाचा_वाघ | ११ जून, रात्री ८:३०

काहून इतके घाबरवता राजेहो? हॉकिंग साहेबाले १९६३ मध्ये सांगितलं होतं, २०१८ पर्यंत जगला ना तो! ५५ वर्षं!

निरुपमा | ११ जून, रात्री ८:५२

वाघभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हेच सांगायचा. ह्यांनी शेवटी पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'हॉकिंग माहीत आहे. चहा घेणार का?' बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. काहींना जास्त, पण ते कोण हे आधी कुणाला ठरवता येत नाही.

विदर्भाचा_वाघ | ११ जून, रात्री ९:०१

माफ करजा ताई. पाटीवाला माणूस मोठा होता.

दिवाकर७१ | १२ जून, सकाळी ८:४०

वाचलं सगळं. मानेच्या एमआरआयबद्दलचं माझं मत मागे घेतो. पेट स्कॅनबद्दलचं घेत नाही. दहा-पंधरा हजारांचा खड्डा, पुण्याच्या खेपा, आणि निकाल काहीही आला तरी डॉक्टर तीन महिन्यांनी ईएमजीच करणार. मग तो कशासाठी?

फिल्मवाला | १२ जून, सकाळी ९:३०

इथे आपलं जुळलं. तपासणी सांगण्याआधी मी स्वतःला विचारतो, उत्तर 'हो' आलं तर काय बदलेल, 'नाही' आलं तर काय बदलेल? दोन्हीकडे काहीच बदलणार नसेल तर मशीन मोकळं राहू दे. वागण्यात बदल असेल, हट्ट, विसरभोळेपणा, शब्द न सुचणं, तर गोष्ट वेगळी. या आजाराच्या काही रुग्णांना पुढच्या मेंदूचा स्मृतिभ्रंशही होतो आणि तिथे पेट उपयोगी पडू शकतो. मामांचं तसं काही दिसत नाही.

कृष्णाकाठ, मामेभावाला सांगायचा मुद्दा हवा होता ना? त्यांना म्हणा, मामांना आरशासमोर जीभ बाहेर न काढता तोंड उघडून बसवा आणि जिभेच्या कडा बघा. किड्यांची पिशवी असावी तशी वळवळ दिसते का? जिभेची नस मानेच्या चकत्यांच्या कितीतरी वरून, मेंदूच्या बुंध्यातून निघते. जीभ बिघडली असेल तर सी५-सी६ ला त्याचा दोष देता येत नाही. तसंच, अंगठ्याकडचं मांस उतरलंय आणि करंगळीकडचं शाबूत आहे, हेही या आजाराकडे बोट दाखवतं. पण घरी बघून निदान करू नका, फक्त ऑपरेशनआधी न्यूरोच्या डॉक्टरांना हे दोन्ही विचारा. आणि शक्य असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. हा सगळ्यात स्वस्त स्कॅन.

कृष्णाकाठ | १२ जून, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार कसे मानू. निरुपमाताई, तुमचा प्रतिसाद मी भावाला फोनवर वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण फोन ठेवलाही नाही. वायरमनदादा, डीपीचं उदाहरण मामांनाच सांगितलं. म्हणाले, "म्हणजे बॅटरी चार्ज आहे, स्टार्टरही बरा आहे, पण वायरिंग जळतंय. आणि तुम्ही लोक बॉनेट उघडून रंग बघताय."

वायरमन | १२ जून, रात्री ११:२२

मामांना दंडवत. माझं उदाहरण रद्द.

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९:१८

धागा वर काढतेय. खूप जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

ऑपरेशन झालं नाही. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले आणि हाडांच्या डॉक्टरांनी स्वतःच तारीख रद्द केली. माणूस भला निघाला, म्हणाले, "मला फिल्म दाखवली, मी फिल्मवर बोललो. जीभ मी बघितलीच नव्हती."

दुसरी ईएमजी या महिन्यात झाली. डावा हात, उजवा हात, डावी मांडी आणि जीभ. एमएनडीच आहे. मेंदूचा एमआरआय परत काढायचा का विचारलं, तर डॉक्टर नको म्हणाले. रिल्युझोल नावाची गोळी सुरू झालीय, सकाळ-संध्याकाळ. तिने आयुष्याचे काही महिने वाढतात, आजार बरा होत नाही, हे त्यांनी मामांसमोरच सांगितलं. आम्ही लपवणार होतो. मामा म्हणाले, "गाडी कुठं बंद पडणार ते ड्रायव्हरला ठाऊक असलेलं बरं." रक्ताची जनुकीय तपासणीही पाठवलीय. एका जनुकातल्या दोषावर टोफर्सेन नावाचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालंय, पण तो दोष शंभरात जेमतेम दोघांना असतो, आशा धरू नका असंही बजावलं.

मामेभाऊ आता जिन्याला कठडा बसवून घेतोय. किल्लीचं कुलूप काढून कडी लावलीय.

फिल्मवाला | २१ सप्टेंबर, रात्री १०:०५

निकाल हा नको होता. श्वासाची क्षमता आत्ताच मोजून ठेवा, दर तीन महिन्यांनी परत. सकाळी डोकं जड होणं, आडवं झोपल्यावर धाप लागणं, दिवसा पेंग येणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका.

शेफील्डकर | २२ सप्टेंबर, पहाटे १:४०

आणि आवाज आत्ता चांगला आहे तोवर मामांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. नावं, शिव्या, गाड्यांचे किस्से, सगळं. पुढे बोलता आलं नाही तर तोच आवाज मोबाइलमधून वापरता येतो. आमच्याकडे हे निदानानंतरच्या पहिल्या महिन्यातच सुरू करतात.

निरुपमा | २२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

कृष्णाकाठ, मुंबईत आशा एक होप फाउंडेशन ही याच आजाराच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे, त्यांच्याशी बोलून घ्या. बायपॅप मशीन (मास्कमधून श्वासाला मदत करतं ते) विकत घेऊ नका. ह्यांचं साताऱ्याला माझ्या बहिणीकडे पडून आहे, चालू स्थितीत. मास्क मात्र नवा घ्यावा लागेल. पत्ता व्यनि केलाय, मामेभावाला रविवारी पाठवा. सोबत ती पाटीपण देते, लागेल.